रविवारच्या लीगमधली जागा

सिंगापूरला आल्यावर पहिली काही वर्षं मी माझ्या कॉलेजचं नाव सारखं कुणाला ना कुणाला सांगत होतो आणि ते कुणालाच माहीत नसायचं. एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे कामाचा परवाना काढताना, बँकेत खातं उघडताना, आंग मो किओच्या कारखान्यात पहिल्या दिवशी ओळख करून देताना. समोरचा माणूस भला असायचा. हसून विचारायचा, हे कुठे आलं? मी कोल्हापूर म्हणायचो. तेही कळलं नाही तर पुणे म्हणायचो. पुण्यापासून आमचं गाव किती लांब आहे, हे मात्र सांगत बसायचो नाही.

आमचं कॉलेज तालुक्याच्या गावाबाहेर, उसाच्या शेतांच्या मधोमध आहे. मी प्रवेश घेतला तेव्हा वरचा मजला बांधून व्हायचा होता आणि वर्कशॉप पत्र्याच्या शेडमध्ये होतं. शिकवणारे बहुतेक सर आमच्यासारखेच आसपासच्या खेड्यांतून आलेले. मशीन ड्रॉइंगचे सर प्रत्येक गोष्ट आधी मराठीत समजावायचे आणि मग म्हणायचे, "आता हेच मला इंग्रजीत सांग. चुकलं तर चालंल, पण थांबायचं नाही." आमच्या घरात माझ्याआधी कुणी पदवी घेतलेली नव्हती. मी आज जिथे आहे तिथे मला त्या पत्र्याच्या शेडनं आणून सोडलं, अशी माझी समजूत आहे, आणि ती मी कधी बदलणार नाही.

आमच्याकडे अभ्यासाच्या जोडीला फुटबॉल होता. कोल्हापूरच्या बाहेरच्या माणसाला हे पटकन खरं वाटत नाही. शहरात पेठेपेठेतल्या तालमींचे संघ आहेत, आणि हंगामाच्या सुरुवातीला खेळाडूंची नोंदणी होते तेव्हा कोण कुठल्या संघातून कुठे जाणार याच्या बातम्या चहाच्या गाड्यांवर रोज नव्यानं तयार होतात. आमच्या तालुक्यात हेच सगळं जरा लहान प्रमाणात चालायचं. एखाद्या मंडळाला एखादा खेळाडू हवा असला की ते त्याला मटणाचं जेवण सांगायचे. तो तांबडा-पांढरा रस्सा ओरपून जेवला, म्हणजे तो आला. ज्याला यायचं नसेल तो नुसता चहा पिऊन, पोट बिघडलंय असं सांगून उठायचा. सही वगैरे नंतर, सावकाश. मी कॉलेजच्या संघात राखीव बॅक होतो, मला कुणी कधी जेवायला बोलावलं नाही, पण ही रीत माझ्या अंगात इतकी मुरलेली होती की जगात सगळीकडे असंच असतं, असं मी धरून चाललो होतो.

सिंगापूरमध्ये भारतीय इंजिनिअरिंग कॉलेजांच्या माजी विद्यार्थ्यांची एक फुटबॉल लीग होती. रविवारी सामने, शाळांची भाड्यानं घेतलेली मैदानं, आठ संघ. मी ती पहिल्यांदा पाहिली ती हौगांगला, आमच्या ब्लॉकपासून चालत जाण्याच्या अंतरावर. भाजी आणायला म्हणून निघालो होतो आणि कुंपणापाशी थांबलो. मैदानावर माझ्याच वयाची, माझ्यासारखीच कामं करणारी माणसं धापा टाकत धावत होती, आणि प्रत्येकाच्या पाठीवर त्याच्या कॉलेजचं नाव होतं. पुण्याचं, मुंबईचं, मद्रासचं, सगळी मोठी नावं. त्यातला एक जाडसर गृहस्थ बॉल सोडून बुटाची नाडी बांधत होता, तरी त्याच्या पाठीवरचं नाव रुबाबदार दिसत होतं. आपल्या कॉलेजचं नाव इथं, या आठांच्या रांगेत लागलं पाहिजे, असं मला त्या कुंपणापाशी वाटलं. पुढचं वर्षभर मी ज्या धडपडी केल्या त्या सगळ्या एवढ्या एका गोष्टीसाठी.

ही इच्छा मी प्रथम आमच्या गोलकीपरला सांगितली. तो कॉलेजात मला एक वर्ष पुढे होता, आता आंग मो किओलाच शेजारच्या कंपनीत होता, राहायला आमच्याच ब्लॉकमध्ये एका खोलीत आणि जेवायला बहुतेक आमच्या घरी.

"मर्दा, त्या लीगमध्ये कोण घेतंय आपल्याला?" तो म्हणाला. "आठ संघ आहेत, आठच राहणार."

पण तसं राहणार नव्हतं. त्याच महिन्यात बातम्या सुरू झाल्या. रॅफल्स प्लेसच्या बँकांची आणि मोठ्या कंपन्यांची वेगळी लीग होती. तिथे दिव्यांखालची टर्फ मैदानं, कपडे बदलायला खोल्या, प्रायोजकांनी दिलेले कपडे. आमच्याकडे येऊन पोहोचलेली पहिली बातमी अशी, की आपल्या लीगमधल्या तीन बड्या कॉलेजांना तिकडून बोलावणं आलंय. दुसरी बातमी, तिघांना नाही, दोघांनाच. तिसरी, कुणीच जात नाही, उलट आपलीच लीग आठाची दहा होणार. चौथी, दहा होणार पण दोन्ही जागा बंगळुरूला द्यायचं ठरलंय. या बातम्या कोण आणायचं कळत नव्हतं. मोबाईलवरच्या ग्रुपात सकाळी एक यायची आणि कॅन्टीनमध्ये जेवायला बसेपर्यंत ती उलटी झालेली असायची. गोलकीपर तर रोज संध्याकाळी एमआरटीतून, म्हणजे इथल्या मेट्रोतून, उतरला की जिन्यावरच सांगायला सुरुवात करायचा. आमच्या दोघांची करमणूक चालली होती. नोंदणीच्या दिवसांतला आमचा तालुका जणू उचलून कुणीतरी हौगांगला आणून ठेवला होता.

लीगचे सेक्रेटरी म्हणजे पुण्याच्या एका जुन्या, नामांकित कॉलेजचे गृहस्थ. पन्नाशीचे, रॅफल्स प्लेसच्या बँकेत मोठ्या पदावर, आणि बोलायला अतिशय मृदू. मी त्यांना एका सामन्यानंतर गाठलं आणि सांगितलं की जागा निघाली तर आमच्या कॉलेजचा विचार व्हावा. त्यांनी कॉलेजचं नाव नीट ऐकून घेतलं. कुठे आलं, असं विचारलं नाही. त्याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे. मग मी त्यांना शनिवारी जेवायला बोलावलं आणि ते हो म्हणाले.

बायकोनं दोन दिवस तयारी केली. ती नाशिकची. माझ्याशी लग्न झाल्यावर पांढरा रस्सा शिकली आणि आता आमच्या गावातल्या बायकांपेक्षा चांगला करते. सिंगापुरात खसखस आणायला बंदी आहे, म्हणून तिनं काजू वाटून घातले होते. सेक्रेटरींनी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले.

"वहिनी, हे काय आहे नक्की?"

"मटणाचं पाणी आणि नारळाचं दूध. आवडलं का?"

"अहो, आवडलं काय विचारता? आणखी मिळेल?"

त्यांनी वाटी पुढे केली की गोलकीपर टेबलाखालून माझा पाय दाबायचा. ते पुन्हापुन्हा मागत गेले आणि माझ्या पायाची बोटं सुजायची वेळ आली. लीगविषयी फारसं बोलणं झालंच नाही. त्यांच्या मुलीची परीक्षा, पुण्यातली रहदारी, गुडघेदुखी, असं सगळं झालं. निघताना ते म्हणाले, "फार दिवसांनी असं जेवलो." दार लागलं आणि गोलकीपरनं माझ्या पाठीवर थाप मारली.

"जागा आपली!"

"ते कधी म्हणाले?" बायकोनं आतून विचारलं.

"वहिनी, माणूस वाटीवर वाटी पांढरा प्याला की."

"माझ्या हाताला चव आहे म्हणून प्याले."

"चव आहेच हो. पण आमच्याकडं त्याचा अर्थ असतो."

"ते पुण्याचे आहेत," ती म्हणाली. आम्ही तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

सिंगापुरात आमच्या कॉलेजचे नऊ जण होते. आम्ही नऊ जणांनी मिळून चौदा जर्सी शिवायला टाकल्या, आणखी माणसं येतीलच या भरवशावर. रंग पिवळा, पाठीवर कॉलेजचं नाव. त्या तयार होऊन आल्या त्या रविवारी आम्ही ब्लॉकच्या खाली, व्हॉइड डेक म्हणतात त्या मोकळ्या तळमजल्यावर उभे राहून फोटो काढला आणि सगळीकडे पाठवला. लिहिलं होतं, लीगमधला नववा संघ.

तासाभरात दुसरा एक फोटो फिरायला लागला. मरून जर्सी घातलेले आठ जण, मागे समुद्र, आणि खाली लिहिलेलं, लीगमधला नववा संघ. ते शेजारच्या तालुक्यातलं कॉलेज होतं. त्यांच्या आणि आमच्या कॉलेजमध्ये फक्त एक घाट आणि एक साखर कारखाना आहे, आणि दोन्ही कॉलेजांचं एकमेकांशी काय नातं आहे हे त्या भागातल्या एसटीच्या कंडक्टरलाही माहीत असतं. सामना असला की कंडक्टर आधी दोन्ही गावांच्या पोरांना गाडीच्या दोन टोकांना बसवायचे.

"यांना कुणी जागा दिली?" गोलकीपर ओरडला.

उत्तर संध्याकाळी मिळालं. सेक्रेटरींचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच मऊ, पण जरा थकलेला.

"अहो, ही काय भानगड आहे? मी तुमच्याकडे जेवलो. पुढच्या शनिवारी त्यांनीही बोलावलं, तिथेही जेवलो. तिथेही तेच पांढरं होतं. आता मला कळतंय की मी जेवलो म्हणून दोन संघ तयार झालेत. मी कुणाला काही म्हणालो होतो का?"

मी आमच्याकडची रीत त्यांना सांगितली.  मग ते इतके हसले की मला फोन कानापासून दूर धरावा लागला. बायको समोरच कपड्यांच्या घड्या करत होती. ती नुसती हसत राहिली.

सेक्रेटरींनी दोन्ही बाजूंना आंग मो किओच्या एका हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मोठ्या शेडमध्ये, बोलावलं. आमच्याकडून मी आणि गोलकीपर. त्यांच्याकडून त्यांचा म्होरक्या. तो मर्चंट नेव्हीत सेकंड इंजिनिअर होता, जहाज आसपासच्या बंदरांत फिरून दर थोड्या दिवसांनी सिंगापूरला यायचं. त्यांच्या आठांपैकी निम्मे असे बोटीवरचेच. मी त्याला ओळखत होतो. कॉलेजात असताना तो आमच्याविरुद्ध स्ट्रायकर म्हणून खेळला होता आणि मी राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून त्याला शिव्या घातल्या होत्या.

सेक्रेटरींनी कॉफी मागवली आणि सरळ मुद्द्यावर आले. जागा अजून निघालेली नाही. निघाली तर एकच निघेल. नियम असा की संघात निदान चौदा पदवीधर हवेत. "तुमच्यापाशी नऊ, यांच्यापाशी आठ. मी शिक्षण खात्यात नाही, पण ही बेरीज मला येते. एकत्र या, मग बोलू." एवढं सांगून त्यांनी कॉफी संपवली आणि ते गेले.

आम्ही तिघं तिथेच बसून राहिलो.

"तुमच्याबरोबर खेळायचं?" सेकंड इंजिनिअर म्हणाला. "तुमच्या ग्राउंडवर तर शेळ्या चरतात."

"आणि तुमच्या गोलपोस्टवर हॉस्टेलची धुणी वाळत असतात," गोलकीपर म्हणाला.

"झोनच्या फायनलला त्याच पोस्टमध्ये मी तुला गोल मारला होता."

"गोल नव्हता. लाईनवरच अडवला होता मी."

"लाईन होती कुठं? फक्की सगळी तुमच्या पोरांनी पायानं पुसली होती."

तो सामना अर्धवट राहिला होता. प्रेक्षक मैदानात आले, रेफ्री प्राचार्यांच्या जीपमध्ये जाऊन बसले ते परत उतरलेच नाहीत. तेव्हापासून दोन्ही कॉलेजं आपणच जिंकलो असं सांगतात. त्या हॉकर सेंटरमध्ये, चिनी आजोबा-आजींच्या टेबलांच्या मधे, दोघांनी मिठाची बाटली, चमचे आणि चिलीसॉसच्या वाट्या मांडून तो गोल पुन्हा उभा केला. चमचा इथे होता, वाटी तिथे होती. शेजारच्या टेबलावरची बाई आपली सॉसची वाटी परत मागायला आली तेव्हा ते थांबले. मला कधी हसू आलं ते कळलंच नाही. मग सेकंड इंजिनिअरही हसला.

"हे बघा," तो म्हणाला, "मी बोटीवर असतो तेव्हा माझ्याशी मराठीत बोलायला माणूस नसतो. आणि इथं तुमच्याशी भांडायला मिळतंय ते पण काय वाईट नाही. नाव तुमचं आधी लावा. कॅप्टन आमचा."

"कॅप्टन कोण, तू?"

"मग काय तू? गोल आडवता येत नाहीत तुला."

ठरलं. नाव जोडीनं, आमचं आधी. माझ्या मनात थोडी रुखरुख होती, हेही खरं. मला आमचं नाव एकट्याचं हवं होतं. पण निम्मं नाव लागणं हे नाव न लागण्यापेक्षा कितीतरी बरं होतं.

सराव सुरू झाला. नव्या जर्सी शिवायला कुणीच तयार नव्हतं. त्यामुळे निम्मे पिवळे, निम्मे मरून, आणि सगळे एकाच बाजूचे. समोर खेळायला आम्ही कारखान्यातली स्थानिक पोरं बोलवायचो. ती गोंधळून जायची. सरावात सुरुवातीला पिवळे पिवळ्यांनाच पास द्यायचे. सेकंड इंजिनिअर मोकळा उभा राहून हात वर करून ओरडायचा आणि आमचा हाफ बॅक त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं करायचा. "अरे मी पण तुझ्याच बाजूला आहे की लेका!" हे वाक्य मी त्या महिन्यात इतक्यांदा ऐकलं की सरावाला येणारी, सिंगापुरातच वाढलेली गोलकीपरची लहान भाचीही ते म्हणायला लागली, शेवटी इथल्या बोलीतलं 'लाह' जोडून. हळूहळू पास जायला लागले. रंग बघून नव्हे, माणूस कुठे उभा आहे ते बघून. हे कधी झालं याची नेमकी वेळ मला सांगता येणार नाही. एका रविवारी लक्षात आलं की आज भांडण झालेलं नाही, आणि सगळ्यांना जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

बातम्या चालूच होत्या. तिघे जाणार, तिघे राहणार, लीगच बंद होणार. मी आता त्या वाचणं सोडलं होतं. आणि मग एका सोमवारी दुपारी कॅन्टीनमध्ये खरी बातमी आली, आणि ती सगळ्या अफवांपेक्षा मोठी होती. लीगमधली तीन बडी कॉलेजं रॅफल्स प्लेसच्या लीगमध्ये गेली. त्यात खुद्द सेक्रेटरींचं कॉलेजही होतं.

त्या बुधवारी सेक्रेटरी स्वतः हौगांगला आले. ऑफिसच्या कपड्यांतच होते, टाय काढून खिशात कोंबलेला. आम्ही सगळे खाली व्हॉइड डेकमध्ये बसलो. त्यांचं कॉलेज गेलं होतं पण ते सेक्रेटरी म्हणून इथेच थांबले होते. कुणीतरी का म्हणून विचारलं.

"ही लीग सुरू केली तेव्हा आम्ही बारा जण होतो आणि एक फाटका बॉल," ते म्हणाले. "माझ्या कॉलेजला टर्फ पाहिजे होतं, मिळालं. मला हे पाहिजे."

मग त्यांनी आणलेला प्रस्ताव मांडला. पाचच संघ उरले होते. पाचांवर लीग चालत नाही. त्यामुळे आता एक नाही, दोन जागा होत्या, आणि त्या दोन्ही ते आम्हाला द्यायला तयार होते. चौदा पदवीधरांचा नियम या वर्षापुरता बाजूला ठेवू. नऊ असले तर नऊ, बाकी बाहेरचे घ्या. "दोघं स्वतंत्र या. तुमचं कॉलेज वेगळं, यांचं वेगळं. शेवटी तुम्हाला तेच हवं होतं, नाही का?"

हे त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं. आणि ते खरं होतं. त्या कुंपणापाशी उभा राहून मी जे मागितलं होतं ते अगदी तसंच्या तसं, पूर्ण नावासकट, समोर आलं होतं. मी हो म्हटलं असतं तर आमच्यातल्या कुणीही मला दोष दिला नसता. पिवळ्या जर्सी तयार होत्या.

मी मरूनवाल्यांकडे पाहिलं. सेकंड इंजिनिअर जमिनीकडे बघत होता. तो काही बोलणार नाही हे मला दिसत होतं. नावातला पहिला मान त्यानं आम्हाला देऊन टाकला होता, आता त्याच्या बदल्यात काही मागणं त्याच्या स्वभावात नव्हतं. आमचं कॉलेज मला काय देऊन गेलं, याचा मी तेव्हा फार खोल विचार केला असं म्हणणार नाही. एवढंच वाटलं की ज्या जागेनं मला आत घेतलं ती जागा दार लावून घेणारी नव्हती. दहावीला जेमतेम गुण असलेल्या, इंग्रजीत गडबडणाऱ्या, वरून पाणी गळतंय तरी बसणाऱ्या सगळ्यांना तिनं आत घेतलं होतं. तिचं नाव लावायचं तर ते असं लावावं.

"आम्ही एकच येऊ, सर," मी म्हणालो. "असेच, जोडीनं."

गोलकीपर माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरोबर आहे. यांच्याशिवाय आपण हरतोय कुणामुळं ते कळायचं नाही."

"आणि दुसरी जागा?" सेक्रेटरींनी विचारलं.

दुसऱ्या जागेसाठी माणसं होतीच. नांदेड-लातूरकडच्या कॉलेजांची काही पोरं आमच्या सरावाला कित्येक रविवार नुसती बघायला येत होती, आणि आम्ही त्यांना बॉल आणून द्यायला लावत होतो. सेकंड इंजिनिअर तिथूनच मोठ्यानं म्हणाला, "त्यांना घ्या. पण सर, त्यांच्याकडं जेवायला गेलात तर सांभाळून."

पहिला सामना मुंबईच्या कॉलेजशी होता. उरलेल्या पाचांत तेच सगळ्यात तगडे. सामना सकाळचा, हौगांगच्याच मैदानावर. सेकंड इंजिनिअरचं जहाज आदल्या दिवशी बाहेर नांगर टाकून उभं होतं आणि त्याला किनाऱ्यावर यायची परवानगी मिळेल की नाही कळत नव्हतं. लाँचमधून उतरून तो सरळ टॅक्सीनं मैदानावर आला, बुटांची पिशवी हातात आणि अंगाला इंजिनरूमच्या तेलाचा वास. रेफ्रीनं सांगितलं की अकरांच्या अंगावर एकच रंग हवा. मग पहिल्या हाफमध्ये पिवळा आणि दुसऱ्या हाफमध्ये मरून असं ठरलं; जास्तीच्या जर्सी त्यांनीही शिवून ठेवल्या होत्या. सेकंड इंजिनिअरनं आमच्या कॉलेजचं नाव असलेली पिवळी जर्सी डोक्यातून ओढून घातली आणि म्हणाला, "हे आमच्या गावात कुणाला कळलं तर मला एसटीतनं उतरवतील."

पहिल्या हाफमध्ये आम्ही एका गोलनं मागे पडलो. ते सगळे सफाईनं खेळत होते, छोटे छोटे पास देत, आणि आम्ही आमच्या पद्धतीनं उंच बॉल मारत होतो. मी बॅकला होतो. दोनदा माझ्यासमोरून माणूस गेला आणि मला त्याची फक्त पाठ दिसली.

हाफटाइमला जर्सी बदलताना मरूनवाले म्हणाले, "बघितलं? पिवळा अपशकुनी आहे."

"खेळा आता," गोलकीपर म्हणाला. "तुमच्या रंगात हरलो तर बघतोच."

दुसऱ्या हाफमध्ये आमच्या हाफ बॅकनं कॉर्नर मारला. सरावात ज्यानं सेकंड इंजिनिअरला पास द्यायचा नाही असं ठरवलं होतं तोच हा. बॉल नेमका सेकंड इंजिनिअरच्याच डोक्यावर आला आणि बरोबरी झाली. त्यानंतर मैदानाच्या कडेचा आवाज बदलला. नांदेडची पोरं ओरडायला लागली. बायको छत्री घेऊन उभी होती, तिनं छत्री मिटली आणि तीही ओरडायला लागली. सामना संपत आला असताना बॉल माझ्याकडे आला. समोर मोकळी जागा होती. राखीव बॅकला असं काही सहसा मिळत नाही. मी थोडा पुढे गेलो, जितका लांब जमेल तितका मारला, आणि सेकंड इंजिनिअर दोघांच्या मधून निसटला. मुंबईचा गोलकीपर पुढे आला तसा त्यानं बॉल त्याच्या पायाखालून सरकवला. तो रेषेच्या आत गेला याबद्दल त्या मैदानावर कुणालाही शंका नव्हती.

शिट्टी झाल्यावर आमचा गोलकीपर आपला गोल सोडून सगळं मैदान धावत पार करून आला आणि त्यानं सेकंड इंजिनिअरला उचललं. दोघंही चिखलात पडले. मी पाठीवर झोपून आकाशाकडे बघत होतो आणि माझ्या अंगावर मरून जर्सी होती, पाठीवर शेजारच्या तालुक्याचं नाव असलेली. कुणी मला त्या क्षणी विचारलं असतं तर ते माझंच कॉलेज आहे असं मी शपथेवर सांगितलं असतं.

दुपारी बाकीचे सामने होते. आमचा निकाल आधी लागल्यामुळे सेक्रेटरींनी गुणतक्ता लगेच पाठवला आणि त्यात सगळ्यात वर आमची दोन्ही नावं होती. जोडीनं, एका ओळीत न मावणारी, म्हणून दोन ओळींत. त्यांच्याखाली मुंबई, मद्रास आणि बाकीचे. आम्ही हॉकर सेंटरमध्ये भिजलेल्या मोज्यांनी बसलो होतो आणि तो तक्ता मोठा करून करून बघत होतो.

"दुपारपर्यंतचं आहे हे," मी म्हणालो. "मद्रास जिंकलं की जाईल."

"गप की, नीट बघू दे," सेकंड इंजिनिअर म्हणाला.

तेवढ्यात आभाळ भरून आलं, जसं तिथे बहुतेक दुपारी येतं, आणि लांबच्या मैदानावरून विजेचा इशारा देणारा भोंगा वाजायला लागला. भोंगा वाजला की मैदानं रिकामी करावीच लागतात. आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. गोलकीपरनं हात जोडून वर पाहिलं. पावसाची सर पत्र्यावर कोसळली तसे आमच्या टेबलावरचे सगळे उभे राहिले आणि ओरडायला लागले. शेजारच्या टेबलांवरची माणसं बघत राहिली, भर पावसात एवढा आनंद कसला म्हणून. सेक्रेटरींचा निरोप आला, आजचे उरलेले सामने रद्द, पुन्हा कधी ते कळवतो.

त्या तारखा पुढे महिनाअखेरीला गेल्या. नंतरच्या रविवारी आमच्या संघाला सुट्टी होती आणि त्या दिवशीही पावसानं कुणाला खेळू दिलं नाही. असं करत करत आम्ही चांगले दोन आठवडे लीगमध्ये पहिले होतो. मी कामावर जाताना, परत येताना, भाजी घेताना मोबाईल काढून तो तक्ता बघत असे. तो बदललेला नसे.